पुलावरच्या राक्षसामुळे हुकलेला रविवार

कराड,
फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप नानामामांस,

शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार. (पाय मागे न घेता स्वीकारावा, ही विनंती.) सांगलीत हळदीचा हंगाम सुरू झाला असेल, तेव्हा आपला दमा कसा आहे ते कळावे. मामींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का, तेही. माझी प्रकृती उत्तम आहे. हे लिहिताना लाज वाटते, कारण परवाच्या रविवारी मी तापाने फणफणलो होतो असे कळवता आले असते तर आपल्या दोघांचीही सोय झाली असती.

पण आपण मला इंग्रजीबरोबर खरे बोलायलाही शिकवलेत, त्यामुळे इलाज नाही. आपल्या दिवाणखान्यात पद्मा आणि तिचे आईवडील मला पाहायला बसले होते, दुसऱ्यांदा चहा झाला होता, आणि आपण 'गाडी पंक्चर झाली असेल' म्हणत गॅलरीत येरझारा घालत होतात, त्या वेळी आपला हा भाचा एका राक्षसाच्या पोटात होता. पत्र फाडू नये, पुढे वाचावे.

आमच्या पंपांच्या कारखान्यात मालकांच्या जावयांनी अमेरिकेहून कॉम्प्युटर आणला आहे. दिसायला लोखंडी कपाट. (परवा शिपायाने त्यात छत्री ठेवायचा प्रयत्न केला.) त्याला जोडलेल्या टाइपरायटरवर आपण अक्षरे बडवायची, की तो खडखडत कागदावर उत्तर छापतो. स्टोअरमधला माल त्यात चढवायचे काम माझ्याकडे आले, आणि माझा हात बसावा म्हणून जावयांनी त्यातला एक खेळ दाखवला. तिथेच घात झाला. खेळात सोंगट्या नाहीत, चित्रे नाहीत. तो नुसते छापतो की तुम्ही रानात उभे आहात, समोर पडका किल्ला आहे, आत कुठेतरी राजाचा मुकुट आहे, आता काय करता? मामा, मी एकतीस वर्षांचा झालो. शाळा, कॉलेज, नोकरी आणि (राग नसावा) हे स्थळसुद्धा, आजवर 'आता काय करता?' असे मला कुणी विचारलेच नव्हते. मी तिथल्या तिथे कामातून गेलो.

मी टाइप केले, 'विल यू काइंडली ओपन द गेट?' तो म्हणाला, कळले नाही. मी 'प्लीज' घातले, वाक्य कर्मणी केले, तरी त्याला कळेना. शेवटी जावई हसून म्हणाले, त्याला दोनच शब्द समजतात. 'ओपन गेट.' दार उघडले. आपण छडी घेऊन माझ्याकडून घोटून घेतलेले सगळे व्याकरण मी त्या दाराबाहेर ठेवून आत शिरलो.

बरोबर स्टोअरमधले माझे जोडीदार दादासो. हे दुष्काळी माण तालुक्यातले. किल्ल्यात पहिल्याच चौकात विहीर लागली. मला कंदील उचलायचा होता, पण दादासो अडून बसले. "आदी पानी भरून घ्या सायब. भरल्या हिरीवरनं रिकामं जायाचं आमच्यात न्हाई." घागर भरली. मग कंदील घ्यायला हात उरला नाही, आणि पुढच्या भुयारात आम्ही अंधारात घागरीसकट खड्ड्यात पडून मेलो. मेले की पुन्हा रानात. पुन्हा किल्ला, पुन्हा विहीर, पुन्हा दादासो. त्यांना ती घागर सोडवत नव्हती, आणि मलाही ते सांगवत नव्हते.

अखेर कंदील घेऊन भुयार ओलांडले, तर पुढे पूल, आणि पुलावर राक्षस. तो हलत नाही. भाकरी दिली, तर त्याने भाकरी खाल्ली आणि कोरड्यास म्हणून आम्हाला खाल्ले. सोन्याची नाणी दिली, त्याने ती खिशात घालून आम्हाला खाल्ले. रोज भोंगा झाल्यावर आम्ही बसायचो आणि रोज खाल्ले जायचो.

रविवारी मी खरोखर निघालो होतो. इस्त्रीचा सदरा, भांगबिंग सगळे. कराड स्टँडवर सांगलीच्या गाडीत खिडकीची जागासुद्धा मिळाली. कंडक्टरने घंटी मारली आणि त्याच क्षणी मला आठवले की किल्ल्याच्या देवडीत एक बासरी पडलेली आहे! राक्षसापुढे बासरी वाजवायची! मी चालत्या गाडीतून उतरलो. (दहा मिनिटांत वाजवून पुढची गाडी धरू, असा हिशेब होता. तो मनापासून केला होता, हे पद्माच्या वडिलांना जरूर सांगावे.) कारखान्यात गेलो, विहिरीवरून सरळ पुढे गेलो, पूल गाठला, बासरी वाजवली. राक्षस रडला. पोटभर रडला. मग भूक लागली म्हणून त्याने मला खाल्ले. बाहेर आलो तेव्हा शेवटची गाडी गेली होती.

सोमवारपासून अन्न गोड लागत नाही. टेबलाच्या काचेखाली पद्माचा फोटो आहे. ती समोर बघते आहे आणि मी नजर चुकवतो. परीक्षेत, नोकरीत मी कुठे अडलो नव्हतो, कारण कुठे जायचे ते नेहमी दुसऱ्याने ठरवलेले असे. पहिल्यांदा स्वतःच्या मनाने निघालो, तर ना बोहल्यावर पोचलो, ना पुलापार. पद्माच्या वडिलांकडून अजून एक रविवार मागून पाहावा. मी खात्रीने येईन.

आपला (अजून म्हणवून घेऊ देत असाल तर) भाचा,
शरच्चंद्र

ता. क. : पत्र लिहिण्याचे खरे कारण वर राहून गेले. आपण जन्मभर इंग्रजी शिकवलेत. वाट अडवून बसलेल्याला इंग्रजीत दोनच शब्दांत बाजूला कसे करावे, ते उलट टपाली कार्डावर कळवावे. व्याकरण नसले तरी चालेल.

ता. क. दुसरा : कार्ड पाठवू नये. मी पाकीट चिकटवत असतानाच दादासो धावत आले. वैतागून त्यांनी राक्षसाला दोन शब्द टाइप केले आणि तो शरमेने नदीत उतरला. कोणते शब्द ते लिहीत नाही, कारण पत्र मामीही वाचतील. पलीकडे दुसरा पूल आहे. त्यावर त्याची आई बसली आहे, आणि तिने ते ऐकले आहे. तेव्हा येत्या रविवारचे पद्माच्या वडिलांना इतक्यात काही बोलू नये.