गुडघ्यानं चहा प्याला

न्हाय वो विहीणबाई, माणूस मरंल कशाला? सुया टोचून वर करंट सोडत्यात हे खरं, पर तो खांबावरचा करंट न्हवं. मुंगळं चालल्यागत वाटतं, बस. (आदी सप्रेम जयभीम घालायचा ऱ्हायला, तो घ्या. हिकडं समदी खुशाल. तुमचं दोन्ही गुडघं काय म्हणत्यात? का अजून नव्या नवरीगत भिंतीला धरूनच उठताय?) गुडघा बरा झाला असंल तर लेकीला महिनाभर माहेरी धाडा, असं तुमी लिहिलंसा. त्याचं खाली सांगते.

तुमच्या बुद्धप्रियानं मला फसवून नेलं. सासूला फसवायचं तुमीच शिकवलं असणार. "आई, बाजारात जाऊ" म्हणाली आन् रिक्षा दवाखान्यापुढं थांबली. आत समरा डॉक्टरीण, अजून शाळेत जात असंल असं वाटावं अशी. तिनं गुडघ्याभोवती बारीक सुया खोचल्या आन् त्यास्नी वायरीचं चिमटं लावलं. जीपच्या बॅटरीला लावत्यात तसलंच, पर बाळसं न आलेलं. बटण फिरवलं की सुईच तापती वो! आतल्या आत ऊब पसरती, गुडघ्यानं बशीभर चहा प्याल्यागत. मांडीचं मांस आपसूक टुकटुक नाचाय लागलं. माझ्या लग्नातबी मी एवढी नाचले न्हवते.

आता इज्जतीची गोष्ट. एक दिस सुया लावलेल्या असतानाच लाइट गेली. तुमी सांगोल्याच्या, तुमास्नी काय सांगायचं. विहिरीवर लाइट गेली की आदी स्टार्टर पाडायचा, न्हायतर लाइट आल्याबरोबर मोटार जळती. माझ्या डोक्यात तेच बसलेलं. म्हणलं, आता लाइट जोरात येणार आन् माझा गुडघा जळणार! वरडले, "स्टार्टर पाडा! समद्यांनी चिमटं काढा!" पडद्यापलीकडं शरणप्पा म्हणून खांदा दुखणारं आडदांड माणूस पडलेलं. ते सुयांसकट उठून बाहेर पळालं, साळिंदरागत. डॉक्टरीण हसून हसून स्टुलावर बसली. यंत्र सेलवर चालतंय म्हणं! तवापासनं शरणप्पा मला बघितलं की इचारतो, "अक्का, स्टार्टर पाडू का?"

पर चेष्टा ऱ्हाऊ द्या. लेक लई गुणाची दिलीसा. लगीन हून आल्यापासनं "व्हय आई, न्हाय आई" एवढंच बोलायची. डॉक्टरिणीनं संध्याकाळी शेक घ्याय सांगितला, तवापासनं गरम पाण्याची पिशवी घिऊन माझ्या पायाशी बसती, आन् बसली की बोलती. हापिसातल्या साहेबाची नक्कल करती. दोडका खायला लागू नये म्हणून लहानपणी कुटं लपायची, तेबी सांगितलं. (गोठ्यात. तुमास्नी अजून ठावं न्हाय म्हणं.) आमचं मालक गेल्यापासनं संध्याकाळी माझ्याशी बोलायला टीव्हीच हुता. आता सुयांचं उपकार मानू का तुमचं, तेच कळंना.

तुमची विहीण,
मीनाबाई

ता.क. बुद्धप्रियाला तिकडं न्यायच्या ऐवजी तुमीच हिकडं या की. तुमच्याबी गुडघ्यास्नी चहा पाजू. लाइट गेली तर मी हायच.

आणखी एक ता.क. गुडघा कवाच बरा झालाय. काल गच्चीवर चढून पापड वाळत घातलं. ती हापिसातनं यायच्या येळंला मी लंगडते.