दसऱ्याचं सोनं आणि माझे तळवे

१२ ऑक्टोबर २००७, शुक्रवार
आज अडुसष्टाव्या वर्षी परीक्षेत कॉपी करताना सापडलो! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मिटा, तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवते, कळलं की "हो" म्हणा. मी लगेच म्हटलं, हो! "अण्णा, मी अजून दोरा उचललासुद्धा नाही."
मग दहादा टेकवला म्हणे. मला चारदाच कळला. पंधरा वर्षांच्या साखरेनं पायांची जाणीव खाल्लीय. आता रोज तळवे बघायचे, घरातही अनवाणी फिरायचं नाही, बूट घालण्याआधी आत हात घालायचा. "दुखायची वाट बघू नका. दुखणारच नाही."
हे शेवटचं काही आवडलं नाही.

१३ ऑक्टोबर
तळवे बघायचे — पण कसे? मध्ये पोट आहे! जमिनीवर आरसा ठेवून वाकलो. आरशात पोट दिसलं.
मैनाला म्हटलं, तू बघत जा. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेली बायको काय म्हणाली? "रोज खूर तपासायला मी काय नालबंद आहे?"

१४ ऑक्टोबर
घरात चपला घातल्या म्हणून महाभारत. शेवटी तह — नव्या चपला, उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत, देव्हाऱ्यापासून चार हात लांब. मैनानं त्यांना हळदकुंकू लावलं. म्हणजे आता चपला माझ्यापेक्षा पवित्र.

१६ ऑक्टोबर
गेनबाला भेटून आलो. आमची शेतं शेजारी होती, आता दोन्हींवर मिळून एक आयटी पार्क आहे. त्याचा उजवा अंगठा गेला. साखर त्यालाही. "अण्णा, बुटात खडा व्हता. तीन दिस तसाच हिंडलो. कळलंच न्हाई बघ." हसत सांगत होता. मला हसता येईना. सबंध हडपसर या पायांनी तुडवलंय मी. मला ते दोन्ही हवेत, दहाच्या दहा बोटांसकट.

१८ ऑक्टोबर
सूनबाईंनी — नम्रतानं — तोडगा काढला. ती त्याच आयटी पार्कात कामाला आहे, म्हणजे आमच्या कांद्याच्या वाफ्यात. डिजिटल कॅमेऱ्यानं तळव्यांचे फोटो काढले. रोज काढणार, तुलना करणार. ते मला ईमेल करताना चुकून तिच्या सबंध टीमला गेले! अमेरिकेतल्या साहेबाचं उत्तर आलं — "अप्रूव्ह्ड." पोरगी दिवसभर माझ्याकडे बघेना. फोटो बंद.

२० ऑक्टोबर
सुचलं! उद्या दसरा. सोनं द्यायला निम्मं गाव येणार, वाकून पाया पडणार. एवढे डोळे पायांशी येतात आणि नुसते परत जातात!

२१ ऑक्टोबर, दसरा
आधी कॉटवर आडवा झालो, तळवे दाराकडे. मैना ओरडली, "अहो, झोपलेल्याला नमस्कार करतात का? तो फक्त..." पुढचं तिनं गिळलं. उठून बसलो, पाय स्टुलावर.
एकूण सव्वीस माणसं आली. प्रत्येकानं आपट्याचं पान दिलं, वाकला. मी डोक्यावर हात ठेवायचा आणि तो तसाच दाबून धरायचा. "आयुष्मान हो. लाल काही दिसतंय का? बोटांच्या मध्ये बघ." पुतण्या दिग्विजय म्हणाला, "अण्णा, टाचेला भेग हाय." त्याला जास्तीचा पेढा. त्याची नवी नवरी श्रद्धा बिचारी पदर सावरत म्हणाली, "सगळं छान आहे." दहावीच्या पेपरला पास केल्यासारखं वाटलं!
मैना दिवसभर आत-बाहेर करत होती. चहा, पेढे, पाणी. म्हणाली, "लाज सोडलीत."

२३ ऑक्टोबर
भेगेला मलम लावलं. बोटांच्या फटीत नाही लावायचं, तिथे कोरडं ठेवायचं. दिग्विजयनं वरून बजावलंय.

३ नोव्हेंबर
आता लोक लांबूनच हात जोडतात. श्रद्धा तर रस्ता ओलांडून पलीकडे गेली. शेवटी रोज तळवे बघायचं काम मैनाकडेच आलं, कुरकुरत का होईना.

७ नोव्हेंबर
तपासणी. डॉक्टरीणबाई खूश. जखम नाही, भेग भरत आलीय. जिलबी मागितली. मिळाली नाही.

१० नोव्हेंबर, पाडवा
मैनानं ओवाळलं. मी साडी दिली. तिनं वाकून नमस्कार केला, सवयीनं म्हणाली, "काही नाही हो लाल, घोड्यासारखे आहेत." मग तबक घेऊन आत निघाली. फरशीवर दर दुसऱ्या पावलाला रक्ताचा ठिपका.
म्हटलं, मैना, थांब! पाय!
"काय झालं पायाला?"
उजव्या टाचेत चपट्या डोक्याची टाचणी, पार आत रुतलेली. आकाशकंदिलाची असणार. कंदील लावून चार दिवस झाले. भोवती सगळं लाल आणि सुजलेलं.
"कुठे? मला तर काहीच टोचलं नाही."
मी खाली बसलो. कसा बसलो, पोट कुठे गेलं, माहीत नाही. तिची टाच हातात घेतली. ती पाय ओढत होती — "अहो, सोडा, पाप लागेल मला!"
पंधरा वर्षं माझी साखर मोजतोय आम्ही. तिची कधी एकदासुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंना घरी फोन केला, त्या म्हणाल्या, टाचणी काढू नका, आत्ताच घेऊन या. नम्रता रिक्षा आणायला गेलीय. मैना नव्या साडीची घडी मोडू का विचारतेय. मी भ्यालोय. स्वतःसाठी इतका कधी भ्यालो नव्हतो.