वाफा क्रमांक नऊमधील जिवंत टोमॅटोच्या झाडास रविवारच्या व्याख्यानातून वगळणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
सार्वजनिक उद्यान विभाग,
पहिला मजला.

विषय : वरीलप्रमाणे. अत्यंत तातडीचे (झाडाचे पाणी कालपासून बंद आहे).

संदर्भ : १) बागप्रेमी मंडळाच्या फलकावरील सूचना, ‘रविवारपर्यंत नळ बंद राहील’.
२) आपल्या शुभहस्ते झालेली छाटणी.

महोदय,

अर्जदार चष्म्यांच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासतो आणि आपल्या विभागाच्या जागेवरील बागप्रेमी मंडळाचा तीन वर्षांपासून सभासद आहे. मंडळाची बाग आणि मंडळाचे दर रविवारचे माहितीपर व्याख्यान ही दोन्ही एकाच जागेत आहेत. सुरुवातीला बारा वाफे आणि दहा खुर्च्या होत्या. व्याख्यानांची गोडी वाढत गेली, तशा आज चाळीस खुर्च्या आणि एक वाफा आहे. वक्त्यांना द्यायचा पुष्पगुच्छ बाजारातून आणावा लागतो. उरलेला वाफा अर्जदाराचा. तो नळामागच्या उतारावर असल्याने तिथे खुर्ची डगमगते, एवढ्याच कारणाने तो वाचला.

अर्जदाराच्या आईने जुने घर सोडताना परसातल्या टोमॅटोचे बी वर्तमानपत्राच्या कागदावर वाळवून आणले होते. वर्षागणिक पेरता पेरता कागदावर सात बिया उरल्या. आईला आता जिने उतरवत नाहीत, म्हणून अर्जदाराने त्या बागेत पेरल्या. त्याच आठवड्यात ‘बी रुजले की नाही, कसे ओळखावे?’ हे व्याख्यान झाले. वक्ते रोज येऊन उकरून बघत. सहा बिया त्यात गेल्या. सातवी त्यांना सापडली नाही, म्हणून रुजली.

मंडळाचा नियम असा की प्रात्यक्षिकाशिवाय व्याख्यान नाही. मंडळाच्या अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, “नुसत्या बडबडीनं काय होतंय? डोळ्यांनी दिसलं पाहिजे.” झाड कोणाकडे आहे, असे त्यांनी विचारताच अर्जदार उभा राहिला आणि “घ्या की बाई, आपलंच झाड आहे,” असे बोलून बसला. टाळ्या पडल्या. टाळ्या अर्जदाराला आवडल्या, हेही तो लपवत नाही. त्यानंतर झाडाने घेतलेले शिक्षण पुढीलप्रमाणे :

१) ‘मुळांची रचना’ : झाड उपटून श्रोत्यांत फिरवण्यात आले. शेवटच्या रांगेला नीट दिसले नाही, म्हणून दुसऱ्यांदा फिरवले. मग परत लावले.

२) ‘कीड ओळखा’ : झाडावर एकही कीड नव्हती. वक्त्यांनी घरून डबीत आणलेला मावा झाडावर सोडला. अर्जदाराने काळजीने विचारले, तेव्हा “अहो, पुढच्या रविवारी कीडनियंत्रण ठेवलंय ना!” असे उत्तर मिळाले. कीडनियंत्रणाच्या वक्त्यांना सर्दी झाल्याने ते व्याख्यान रद्द झाले. मावा मात्र वेळेवर हजर होता. अर्जदाराने तो दुकानातील भिंगाखाली एकेक करून चिमट्याने वेचला. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना चुकीचे नंबर गेले.

३) ‘झाडांशी बोला’ : चाळीस सभासद रांगेने झाडाशी बोलले. बहुतेकांनी सुनांच्या तक्रारी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दोन पाने पिवळी पडली.

४) ‘छाटणीचे शास्त्र’ : यास आपण प्रमुख पाहुणे होता. फीत बांधायला दुसरी जागा नसल्याने ती झाडाला बांधली होती. आपण फितीसोबत एक फांदीही कापलीत. तिच्यावर चार फुले होती. याबाबत अर्जदाराची काहीही तक्रार नाही. ती फांदी आपण मोठ्या मनाने अर्जदारालाच भेट दिलीत, आणि तसा फोटोही आहे.

एवढे सोसूनही झाडाने मागच्या आठवड्यात एक टोमॅटो धरला. एकच. आज तो हिरवा असून लहान लिंबाएवढा आहे. तो झाडावर पूर्ण लाल झाला तरच त्यातले बी पुढे रुजेल. आईच्या हिशेबाने त्याला आणखी वीस-बावीस दिवस लागतील. कागदावर आता एकही बी शिल्लक नाही.

आणि या रविवारचा विषय आहे, ‘झाडे का मरतात? (प्रात्यक्षिकासह)’. वक्ते परगावचे, मोठे तज्ज्ञ. येताना ते मेलेले झाड आणणार नाहीत, कारण प्रवासात त्याची अवस्था बिघडते. मंडळाकडे झाड एकच, आणि ते जिवंत. सभेत यावर बराच खल झाला. शेवटी नळाला कुलूप लावण्याचा ठराव एका मताच्या विरोधात मंजूर झाला. ते एक मत अर्जदाराचे. अर्जदाराचा चेहरा पाहून अध्यक्षबाई म्हणाल्या, “अहो, असं काय करता? चार दिवसांचा तर प्रश्न आहे!”

अर्जदाराने झाड घरी नेऊ देण्याची विनंती केली. तेव्हा कळले, की झाड मंडळाच्या सामान नोंदवहीत ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून चढले आहे : खुर्च्या चाळीस, माईक एक, टोमॅटो एक. नोंदवहीतील वस्तू बाहेर काढायची, तर आपली सही लागते. माईक गेले वर्षभर बंद आहे, त्यावर मात्र कोणी व्याख्यान ठेवलेले नाही.

बागेत खताचे खड्डे सांभाळणारे, ज्यांना सगळे खतमामा म्हणतात, ते अर्जदाराला फाटकाशी गाठून म्हणाले, “अर्ज कसले लिहितोस, येड्या? मातीसकट उचल आणि पळ!” सल्ला मायेचा होता. परंतु एकदा उपटलेले झाड दुसऱ्यांदा उपटल्यास जगणार नाही, हे स्वतः खतमामांनीच मागाहून मान्य केले. म्हणून झाड आहे तिथेच राहू द्यावे, एवढेच मागणे आहे.

अर्जदार एक गुन्हा कबूल करतो. काल आणि आज सकाळी त्याने जेवणाच्या डब्यातून चोरून झाडाला पाणी घातले. आज अध्यक्षबाईंनी त्याला पकडले आणि झाकण उघडायला लावले. “डब्यात नुसतं पाणी?” त्यांनी विचारले. “पथ्य आहे,” अर्जदार म्हणाला. त्यांनी सहानुभूती दाखवून ‘पचनाचे विकार’ या विषयावर व्याख्यान ठरवले आहे. प्रात्यक्षिकासाठी अर्जदाराचे नाव लिहून घेतले आहे.

आईला यातले काहीच माहीत नाही. ती रोज विचारते, “काय रे, कसं आहे?” अर्जदार म्हणतो, “छान. कमरेएवढं झालंय.” झाड गुडघ्याच्याही खाली आहे. आपल्या झाडावर मोठमोठे लोक भाषणे देतात, याचे तिला फार कौतुक आहे. या रविवारी शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवायचे कबूल केले आहे. तिने पहिल्या रांगेतली जागा सांगून ठेवली आहे. विषय काय आहे, ते अर्जदाराने तिला अजून सांगितलेले नाही.

तरी, टोमॅटो पिकेपर्यंत सदर झाडास सर्व ज्ञानापासून सूट द्यावी आणि नळाचे कुलूप काढण्याचा आदेश आजच व्हावा, ही विनंती. रविवारी मेलेले काही दाखवणे अटळच असेल, तर झाडाच्या जागी वाफ्यात उभे राहण्यास अर्जदार तयार आहे. मान खाली घालून उभे राहण्याची त्याला मंडळाच्या सभांमुळे सवय आहे.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
वाफाधारक, क्रमांक नऊ

दिनांक : गुरुवार, दुकान उघडण्यापूर्वी

सोबत :
१) नोंदवहीतील पानाची प्रत.
२) छाटणीचा फोटो (आपण डावीकडून दुसरे, हातात कात्री).
३) बियांचा रिकामा कागद. आईचा आहे, कृपया परत मिळावा.
४) झाड हयात असल्याचा पुरावा म्हणून एक पान जोडणार होतो. मोजली, अकराच आहेत. जोडलेले नाही. खात्री करायला आपण स्वतः यावे, येताना कात्री आणू नये.