अर्धी उतरवलेली जोडणी

कोपरी, ठाणे
५ नोव्हेंबर १९५७

प्रिय विश्राम,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, पण आठ वर्षांची सवय एका महिन्यात मोडत नाही. कल्याणच्या नव्या कारखान्यात तू फोरमन झालास म्हणून वहिनींनी पेढे पाठवले. आमच्या सुमतीने एक खाल्ला, मी नाही. एवढा राग बरा नव्हे, म्हणाली. तिला काय सांगू?

बाळकुमला आपल्या कारखान्यात ती दोन विलायती यंत्रं आली, ते दिवस आठव. स्पिरिट उकळून वेगळं करणारा आपला उंच कॉलम. एक यंत्र माथ्याचं तापमान बघून वरून थंड स्पिरिट परत सोडायचं, दुसरं बुडाचं तापमान बघून वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचं. एकेकटं शहाण्यासारखं चालायचं. दोन्ही लावली, की दोघांनी न विचारता एकाच आमटीत मीठ घालावं तसा प्रकार. तीन आठवडे काटे नुसते खालीवर. साहेब यंत्रं परत पाठवायला निघाले होते. मी रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक व्हॉल्व्ह जरासा फिरवून दोन्ही काटे किती हलतात ते वहीत टिपायचो, आणि तू तुझ्या डब्यातलं थालीपीठ माझ्यासाठी काढून ठेवायचास. मग मला सुचलं, जोड्याच बदलू. माथ्याच्या यंत्राला वाफ, बुडाच्या यंत्राला वरची धार. सगळ्यांत आधी तुला सांगितलं. वहीसुद्धा तुझ्याच हातात दिली, कारण माझं इंग्रजी कच्चं आणि साहेबांना अर्ज तू लिहिणार होतास.

जोड्या बदलल्या, काटे स्थिरावले; पण त्या अर्जावर माझं नाव नव्हतं, हे मला खंडेनवमीला कळलं. यंत्रांना झेंडूच्या माळा घालून झाल्या आणि साहेबांनी मानाचा नारळ तुझ्या हातात दिला. मी टाळ्या वाजवल्या रे! सगळे वाजवत होते, एकट्याने हात बांधून कसं उभं राहायचं? तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि साहेबांकडे वळून हसलास. बढती गेली तर गेली. त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते सांगतो. काल तुझ्या हाताखालचा तानाजी भेटला. तिथेही तू तीच जोडणी बसवलीस, सोमवारी कॉलम सुरू होणार, आणि पहिले काही दिवस फक्त वाफेचं यंत्र चालू ठेवून दुसरा व्हॉल्व्ह तानाजीने हाताने फिरवायचा, असं तो कौतुकाने सांगत होता. तसं करू नकोस. ही जोडणी दोन्ही यंत्रं चालू असतील तरच शांत राहते. यंत्रांची दिशा आपण दोन्ही चालू असतानाच ठरवली, म्हणून एक बंद केलं, की दुसरं उलटं धावतं. वाफ कमी करायची तिथे वाढवत सुटतं. दसऱ्यानंतर इथे बाळकुमला एक यंत्र साफ करायला काढलं तेव्हा हे कळलं. मी धावत जाऊन वाफ तोडली म्हणून भडका टळला. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू चारचौघांत तोंडघशी पडावंस म्हणून वाट पाहत होतो. पण कॉलमपाशी तू नसणार, तानाजी असणार. दोन्ही यंत्रं चालू ठेव, नाहीतर दोन्ही बंद. हेसुद्धा तुझ्याच नावावर सांग, माझी हरकत नाही. फक्त सोमवारच्या आधी सांग.

एके काळी तुझाच,
गुरुदत्त