चांदी धाग्यात बसली

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याची कंबर आता कशी आहे? त्याला म्हणावं, औषधाबरोबर थोडा व्यायामही कर. आमच्याकडे सगळं ठीक. पत्र टाइप केलेलं बघून नाक मुरडू नकोस, हल्ली सगळंच तसं होतं.

आता खरी बातमी. पट्टी जमली!

भाजलेल्यांच्या वॉर्डात तू नवी होतीस, तेव्हा एकदा जेवताना म्हणालीस, "ताई, माणसं जखमेपेक्षा पट्टी सोडवताना जास्त ओरडतात. तुमच्या प्रयोगशाळेत एवढे शिकलेले लोक बसलेत, न चिकटणारी पट्टी करता येत नाही?" तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आम्ही चिकट द्रावण सिरिंजमध्ये भरतो आणि सुईला हजारो व्होल्टची वीज जोडतो. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो आणि केसाहून कितीतरी बारीक धागा होऊन समोरच्या फिरत्या ड्रमवर जाऊन बसतो. थरावर थर, दुधावरच्या सायीसारखे, आणि ही साय जखमेला चिकटत नाही. त्या धाग्यातच जंतू मारणारे चांदीचे कण हवे होते. पण मेले एकमेकांना बिलगून गुठळ्या करायचे आणि सुई तुंबायची. शेवटी आम्ही तयार कण घालणंच सोडलं. चांदीचा क्षार द्रावणात मिसळून ते गरम केलं, म्हणजे कण आतल्या आतच तयार व्हावेत. पाण्यासारखं द्रावण हळूहळू मधाच्या रंगाचं झालं, हीच कण तयार झाल्याची खूण. "मॅडम, पिवळं झालं!" चिमणी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतले धावत आले. चिमणी म्हणजे माझ्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. आवाज एरवी इवलासा, म्हणून हे नाव.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलचे सर्जन बघायला आले. आमचे डायरेक्टर त्यांना म्हणाले, "सुई मॅडमच भरतील. त्यांचा हात म्हणजे हात आहे!" टाळ्या पडल्या. मी सिरिंज उचलली आणि खाली ठेवली.

"माझा हात आता थरथरतो," मी म्हणाले. "बुडबुडा राहिला तर धागा तुटेल. सुई चिमणी भरेल. तिचा हात माझ्याहून चांगला आहे."

डायरेक्टरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. चिमणीला मात्र नवल वाटलं नाही. ती बरेच दिवस माझ्या बाटल्यांची झाकणं न सांगता उघडून ठेवत होती. तिने सुई भरली, वीज चालू केली, आणि धागा असा सुटला की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी जंतूंच्या बशीत पट्टीच्या तुकड्याभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं उमटलं होतं. सर्जन बशी खिडकीपाशी धरून उभेच राहिले. मग म्हणाले, "पुढच्या चाचण्या आमच्याकडे करू." अहवालात पहिलं नाव चिमणीचं घातलंय. डायरेक्टरांनी कुरकुर केली, मी ऐकलं नाही. धाकटे, स्वतःच्या नावाने माझी छाती कधी एवढी फुगली नव्हती.

आता लिहूनच टाकते. कंपवात आहे. औषध चालू आहे. बटणं लावायला वेळ लागतो आणि अक्षर मुंगीएवढं झालंय. म्हणूनच सुट्टीत तुझ्याकडे आले नाही. मी चहाचा कप उचलला असता की तुला कळलं असतं. सगळ्या जगाची नर्स तू, तुझ्यापासून काय लपणार? आणि तू रडली असतीस तर मीही रडले असते. पट्टी जमण्याआधी मला रडायचं नव्हतं.

डोकं शाबूत आहे. पुढच्या महिन्यापासून एकदम खूप पट्ट्या करणाऱ्या मोठ्या ड्रमचं काम माझ्याकडे येतंय. सुई सुटली, पण काम सुटलेलं नाही.

तू ये. आलीस की आधी गळ्यात पड, नाडी मग बघ.

कीव नको असलेली, पण तू हवी असलेली,
तुझी ताई