पाहुण्यांच्या गावातून काशीला

३० सप्टें. ९६, सोम.
पितृपक्ष चालू. नागपूरची मंडळी सिद्धवटावरचं श्राद्ध उरकून सकाळच्या गाडीने गेली. गाद्या गच्चीवर वाळत घातल्या. निघताना ह्यांच्या चुलतवहिनी म्हणाल्या, "तुम्ही भाग्यवान बाई, रोज तीर्थात राहता." राहते खरी, पण स्वयंपाकघराच्या बाजूने. देवासहून लग्न होऊन उज्जैनला आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तासाभराची बस, एवढाच माझा प्रवास. श्राद्धं, श्रावणातल्या महाकालाच्या सवाऱ्या, सिंहस्थ, काही ना काही निघतंच, आणि अख्ख्या महाराष्ट्रातले नातेवाईक फ्रीगंजातलं आमचं घर विचारत येतात. आले की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. गेले की कंबर बोलते.

५ ऑक्टो., शनि.
भजन मंडळ. इंदूताईंनी मधेच पेटी बंद केली. शाळेतून रिटायर झाल्या तरी आवाज वर्गातलाच. "भजनं पुरे. मला काशीला जायचंय. मुलं एकटीला सोडत नाहीत. कोण कोण येतंय?"
सगळ्या सतरंजीकडे बघायला लागल्या. माझा हात वर गेला. मी नंतर बघितला.
"छान. मग व्यवस्था सगळी सुधाकडे. तिला लोकांचं करायची आदत आहे."
म्हणजे तिथेही मीच! असू दे. मग एकेक करत आणखी सहा जणी तयार झाल्या.
घरी ह्यांना सांगितलं. पेपरामागून उत्तर: "जा ना, जरूर जा." ऐकलं की नाही, कोण जाणे.

११ ऑक्टो.
राहायच्या सोयीसाठी काशीच्या एका भटजींना लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. घाटाजवळ मराठी वस्तीत त्यांचं घर, वरच्या दोन खोल्या देतात. अक्षर वळणदार. "जेवण घरचे. आपण पानावर बसावे, आम्ही वाढू."
पुन्हा पुन्हा वाचलं. मी पानावर बसणार आणि कोणीतरी वाढणार. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "त्यात काय विशेष?" त्यांना नाही कळणार. ते रोजच बसतात.

१६ ऑक्टो.
रिझर्वेशन झालं! २१ नोव्हें. आठ जणी. त्रिपुरी पौर्णिमा काशीत. इंदूताई आणि मी दोघीच गेलो होतो स्टेशनवर. आता सगळं कॉम्प्युटरवर. खिडकीतल्या बाबूने आमची नावं टाइप केली, मशीन करकरलं आणि माझं नाव छापून बाहेर आलं. लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच कुठे छापलं असेल.
येताना टॉवर चौकात पोहे-जलेबी. इंदूताई म्हणाल्या, "सुधा, तुला तिथे काय बघायचंय?" म्हटलं, "काही नाही. मला वाट चुकायचीय. इथे राम घाटावर गेले तरी लोक मलाच विचारतात, पंडे कुठे बसतात, दर्शनाची लाइन कुठून. एकदा मला कोणाला तरी विचारायचंय." त्या हसल्या. मी गंमत नव्हते करत.

१९ ऑक्टो., शनि.
मीटिंग. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट तिथे सोडून यायची, परत कधी खायची नाही. कोण काय सोडणार? कुलकर्णीबाई म्हणाल्या, कारलं. दुसरी म्हणाली, दुधी. तिसरी, गिलकी. इंदूताईंनी पट्टी आपटल्यासारखा आवाज काढला. "आवडीची म्हटलंय बायांनो! गंगामाई काय मंडईचं उरलंसुरलं न्यायला बसलीय?"
मग कोणीतरी हळूच "चहा" म्हणालं. तो विषय तिथेच संपला.
मी सीताफळ म्हणून मोकळी झाले. येताना गाडीवर ही टप्पोरी सीताफळं. घेतली. सोडायला महिना आहे अजून.

२८ ऑक्टो.
पुण्याहून आक्कांचं इनलँड. ह्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडत नाही. "हरिहर भेटीला येत आहोत. मी, भाऊजी व जाऊबाई. २० ला पोचू. सुधाला म्हणावे, फार करू नकोस."
वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची सवारी गोपाळ मंदिरात जाते, ती ही भेट. फार करू नकोस म्हणजे काय असतं, ते मला माहितेय.
ह्यांच्यासमोर ठेवलं. "२१ ला मी निघतेय. त्यांना सांगा, डिसेंबरात या."
"सांगतो."
"नक्की?"
"अगं सांगतो ना. रविवारी एस.टी.डी. स्वस्त असतं, तेव्हा करतो."

३ नोव्हें., रवि.
हे पी.सी.ओ. वर जाऊन आले. "झालं बोलणं," म्हणाले आणि थेट आंघोळीला गेले. मला इतकं हलकं वाटलं की दुप्पट शंकरपाळे केले. प्रवासातही होतील.

१३ नोव्हें.
दिवाळी नीट झाली, म्हणून लिहायला वेळ नव्हता. आज लिहिते, कारण डोकं फिरलंय.
दुपारी देवास गेटच्या टेंटवाल्याचा माणूस हातठेला घेऊन दारात. तीन गाद्या, तीन रजया. म्हटलं, गलत घर है भैया. "नहीं माताजी, साहब बोल के गए थे, बीस तारीख को मेहमान हैं. मैं इधर आ ही रहा था तो आज ही ले आया."
हे बँकेतून आले. गाद्या दिवाणखान्यातच ठेवल्या होत्या मी, मुद्दाम. गाद्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"मी 'नका येऊ' सांगायलाच गेलो होतो गं. आक्का म्हणाली, येऊ ना रे बाळू? आणि तोंडातून निघून गेलं, विचारतेस काय, घर तुझंच आहे."
"आणि दहा दिवस गप्प बसलात?"
"रोज सांगणार होतो."
खूप बोलले मी. अठ्ठावीस वर्षांचं सगळं काढलं. त्यांनी एका शब्दाने उलट उत्तर दिलं नाही, त्यानेच जास्त राग आला. या उज्जैनच्या माणसांना "नका येऊ" म्हणता येत नाही. जीभच वळत नाही.

१४ नोव्हें.
अबोला. इंदूताई आल्या. माझं तोंड बघूनच समजल्या. "सुधा, तू नाहीस तर मीही नाही. धमकी नाही देत. तू बरोबर आहेस म्हणून मुलं हो म्हणालीयेत." पुढच्या वर्षी गुडघे चालतील का नाही, असंही पुटपुटल्या.
शेजारच्या शर्मा भाभींना भिंतीपलीकडून सगळं ऐकू गेलं होतंच. "आप तो हो आओ काशी. भाईसाहब की रोटी इधर से आ जाएगी. मेहमान क्या भूखे मरेंगे? पूरा मोहल्ला पड़ा है."
सगळ्यांना सोपं वाटतंय. आक्का दारात उभ्या आणि मी घरात नाही, हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. पण काशीही सुटत नाही. रडू आलं. भांडी घासता घासता रडून घेतलं.

१५ नोव्हें.
ह्यांना न सांगता पी.सी.ओ. वर गेले. काचेच्या खोक्यात उभं राहून नंबर लावला.
"आक्का, तुम्ही या. पण मी २१ ला काशीला निघतेय. घरी हे असतील."
मीटरचे लाल आकडे पळतायत.
"काशीला? तू?"
"हो. भजन मंडळातल्या बायकांबरोबर."
मी तयारीत होते. रुसतील, टोमणा मारतील, ह्यांना बोलवायला सांगतील.
"सुधा, मला एक तिकीट मिळेल का गं?"
म्हटलं, "अहो, हरिहर भेट?"
"किती वर्षं बघतेय. भेटीसाठी कुठे येते मी? बाळूकडे जाते म्हटलं की घरात कोणी अडवत नाही. काशी म्हटलं तर सतरा प्रश्न. एकदा तुमच्याकडे पोचले की पुढे कोण अडवणार?"
आणि माझ्या तोंडातून निघालं, "अहो विचारता काय, अवश्य चला!"
ह्यांना कोणत्या तोंडाने बोलले मी?

१६ नोव्हें., शनि.
आक्कांचं तिकीट काढलं. वेटिंग. बाबू म्हणाला, हो भी सकता है, नहीं भी.
इथे खरं लिहिते. मला नको आहेत त्या बरोबर. वाईट आहेत असं नाही. पण तिथे मी कोणाची भावजय नसणार होते. आता गाडीतही त्यांचं गरम पाणी, त्यांचं गुडघ्याचं तेल, पदर डोक्यावरून. भटजी वाढायला आले की मी उठून त्यांच्या हातातलं पातेलं घेणार, मला माहितेय मी कशी आहे ते. वेटिंगच राहिलं तर सुंठीवाचून खोकला गेला. मग लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.
मंडळात सांगितलं. इंदूताईंचा एकच प्रश्न: "पेटी वाजवते का?"
"टाळसुद्धा चुकवतात."
"येऊ दे. नववी टाळ चुकवणारी."

१७ नोव्हें.
अबोला सुटला. हे आपणहून कुकर शिकायला आले. आक्कांचे दीर-जाऊ चार दिवस ह्यांच्याच भरवशावर. पहिल्याच खेपेला शिट्टी न लावता झाकण ठेवलं आणि शिट्टीची वाट बघत पेपर वाचत बसले. खिचडीचा तळ करपला. वरची खाल्ली दोघांनी. "मी आक्काला नाही म्हणू शकलो नाही," म्हणाले, "पण तुला जा म्हणालो होतो ते खरं होतं." पेपरामागून ऐकलं होतं तर!

२० नोव्हें.
आली मंडळी. आक्कांचे केस बरेच पांढरे झालेत. भाऊजींनी येताच दर्शनाची लाइन विचारली, आणि ह्यांनी समजावून सांगितली, मी नाही. जाऊबाई आक्कांना म्हणाल्या, "तुम्ही आमच्याबरोबर नाही येणार भेटीला?" आक्का म्हणाल्या, "सुधाला सोबत हवीय." शुद्ध थाप. मी मान डोलावली.

२१ नोव्हें.
आज निघायचं. नेहमीसारखी उठले आणि आधण ठेवायला गेले, तर ओट्याशी आक्का. गॅस पेटलेला, आलं किसलेलं. मी पुढे झाले तर कोपराने ढकललं. "बस तिथे. काशीला निघालेली बाई चहा करत बसत नाही." मग डबा हातात घेऊन थांबल्या.
"सुधा, तू साखर किती घेतेस गं?"
अठ्ठावीस वर्षं त्यांना दोन चमचे आणि वेलदोडा घालून देतेय मी. माझं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असणार, कारण चेहरा पडला. मला हसू यायला हवं होतं, डोळे भरून आले.
"एकच," म्हटलं.
त्यांनी चहा माझ्या हातात दिला आणि स्वतःचा घेऊन समोर जमिनीवर बसल्या. चहा छान झाला होता.
तिकीट अजून वेटिंगच. चार्ट दुपारी लागतो, हे स्टेशनवर बघायला जाणार. आक्कांनी तरीही बॅग भरून दाराशी माझ्या बॅगेला लावून ठेवलीय. नाव नसलं तर काय, हे त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. स्कूटरला किक मारल्याचा आवाज येतोय.
लागायला हवं त्यांचं तिकीट. अगदी मनापासून वाटतंय. खिडकी मात्र माझी.