सोळा आठवड्यांचा ताण

बाबा, मी थांबली. तुमाले खरं वाटणार नाही, पण नागपूरच्या कोर्टात माह्याच तोंडून निघालं, "थांबू." त्याले पाच आठवडे झाले, अन् तवापासून तुमचीच आठवण येऊन राहिली.

तुमी गेले तवा माहा पोरगा दुसरीत होता. आता त्याची बायको घरात आहे. राजापेठेत आपल्या फळाच्या दुकानाले लागून एका सिंधी माणसाचं कपड्याचं दुकान आहे, त्याची पोरगी. अकरा वर्षांची असताना बापाचं बोट धरून सीमेपलीकडून इकडं आली. तिची माय म्हाताऱ्या सासूपायी तिकडंच राहिली, मागून येते म्हणून. ते मागून येणं काही झालं नाही. पोरगी इथं शिकली, इथं लग्न झालं, माह्यापेक्षा चांगलं पिठलं करते, पण कागदावर अजून पाहुणीच. इथली नागरिक करून घ्या म्हणून अर्ज दिला, त्याले सात वर्षं झाली. आता तिच्या मायच्या किडन्या गेल्या. कागद नसताना ही भेटाले गेली अन् परत येऊ देलं नाही तर? देतील, असं लिहून द्याले कोणी तयार नाही. म्हणून बसली आहे फोन धरून.

मी तिच्यासंगं ऑफिसात जात होती. दर वेळी एकच, "वरून आलं नाही, बाई." एक दिवस मी म्हटलं, "वरून म्हणजे कुठून, आभाळातून?" साहेब हसला. अर्ज काही जागचा हलला नाही. मंग मीच वकील पाह्यला अन् केस टाकली. सही सुनेची, भांडण माहं.

त्या दिवशी सरकारचा वकील कोर्टात म्हणाला, फाइल निघाली आहे, मुलाखत घेतो, सोळा आठवड्यांत निर्णय देतो, तोवर केस थांबवा. आमचा वकील मले व्हरांड्यात घेऊन आला. सून लांब खांबाजवळ मायसंगं फोनवर बोलत होती.

"काकू, केस मागं घ्यायची नाही, नुसती थांबवायची."

"अन् त्याईनं सोळा आठवडे झोपा काढल्या तर?"

"तर आपली केस आहेच. लढलो तर कदाचित लवकर होईल, कदाचित तारखांवर तारखा पडतील. खात्री मी देत नाही. दोघी मिळून ठरवा अन् सांगा. दहा मिनिटं आहेत."

त्या दहा मिनिटांत मले कोर्ट दिसलंच नाही, आपला बगीचा दिसला. थंडीचे दिवस आहेत, तुमी आंबिया बहाराच्या फुलासाठी संत्र्याचं पाणी तोडलं आहे. मी दहा वर्षांची. दुपारी झाडांची पानं सुकून वळतात, मले पाहवत नाही. इहिरीत पाणी आहे, बाजूच्या गव्हाले पाणी चालू आहे, अन् झाडं तहानलेली उभी. तुमी म्हणता, "आता पाणी देलं तर नुसता पाला फुटते. ताण बसला तरच फूल येते." एका दुपारी तुमी चांदूर बाजारले जाता, अन् गव्हाच्या पाण्याचा दांड कोणीतरी धुऱ्याजवळच्या, कडेच्या ओळीकडं वळवते. पुढं सारा बगीचा पांढरा फुलला अन् ती एक ओळ नुसती हिरवीगार, कोवळा पाला हलवत उभी. तुमी वावरातून आले ते सरळ चुलीपाशी, आईवर. "तूच सोडलं पाणी. तुले धीर म्हणून नाही." आई भाकर थापत होती. तिनं एकदा माह्याकडं पाह्यलं अन् भाकर तव्यावर टाकली. मंग ते तिच्या अंगाले चिकटलंच. दूध उतू गेलं तरी तुमी म्हणत, हिले धीर नाही.

पण ताण देऊन विसरून जाणारे तुमी नव्हते. पाणी तोडलं की रोज सकाळी बगीच्यात फिरत. दुपारी पान वळलं तर चालते म्हणत. सकाळच्या थंडाव्यातही वळलेलंच दिसलं की म्हणत, "पुरे आता, झाड मरन." तेच ध्यानात धरून मी वकिलाले सांगितलं, "सोळा म्हणजे सोळा. सतरावा लागला की केस उभी. कोर्टाच्या कागदात लिहून घे." त्यानं घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात मुलाखत झाली. साहेबानं चहा विचारला म्हणे. त्याच्यानंतर काही नाही. मी म्हणते, बाबा, सरकार काही संत्र्याचं झाड नव्हे. अन् ताण बसून राहिला तो पोरीले. तिची माय फोनवर सिंधीत विचारते. मले ती भाषा येत नाही, पण किती दिवस, एवढं समजते. सून म्हणते तेही समजते, "बस, थोडे दिवस, अम्मा." रोज सकाळी मी पयले तिचं तोंड पाहते. दुपारी उतरलेलं असते, ते मी धरत नाही. काल सकाळीच उतरलेलं होतं.

तर आता सांगते. तो दांड मी वळवला होता. आईले ठाऊक होतं. अन् त्या व्हरांड्यात सून फोन ठेवून माह्याकडं आली, तवा मी तिले म्हटलं, "वकील म्हणते, थांबाच लागते." तिनं मान हलवली, वकिलानं कागद पुढं केला तिथं सही केली. ठरवणं आमच्या दोघींवर होतं, हे तिले अजून माहीत नाही. ती नाही म्हणन, याचं मले भेव वाटलं. घरी पोरगा वकिलाच्या नावानं शिव्या देते, अन् मी भाजी निवडत ऐकून घेते.

तुमाले सांगणं सोपं आहे. तुमी आता काय म्हणणार? आत सून चहा मांडून राहिली, कपाचा आवाज येते. मी अजून खाटेवरून उठली नाही.